ओसाड गावची वाटी

रास अल खैमा, १९९७

तीर्थरूप वसंतदादांना वाळूच्या देशातून साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे सध्या मनातूनच). तुमची कंबर आणि अर्चनावहिनींचा खोकला आता बरा असावा. आम्ही तिघं खुशाल आहोत. तुमच्या भाच्यासारखा एसी तेवढा रात्रंदिवस कुरकुरतो.

पुढच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान आहे: 'भुतं नसतात!' त्याच्या तयारीसाठी मंडळाची सहल इथल्या किनाऱ्यावरच्या एका ओसाड गावात नेली. बुरूज, मशीद, समुद्रातल्या दगडांची घरं. माणूस मात्र तीस वर्षांत नाही. एका चौकात उभा राहून मी अंधश्रद्धेवर असा कडाडलो की मंडळी पाणी प्यायची थांबली. (प्रतिध्वनी मात्र आला नाही. भिंतींनी आवाज ठेवून घेतला.) या भरात मनोरमेचा लाडवांचा डबा तिथेच राहिला. तिच्या माहेरचा, नाव कोरलेला. म्हणजे घरात शांतता राहिली नाही.

सहलीनंतरच्या शुक्रवारी मुश्ताकची टॅक्सी केली. तो वेशीवरच थांबला. "साब, आप जाओ. मेरे छोटे छोटे बच्चे हैं." भर दुपारी गेलो. डबा चौकातल्या एका घराच्या उंबऱ्यावर होता. घासलेला, ओला. वर तांब्याची लहान वाटी, तिच्यात सात खजूर. समोरच्या वाळूत पावलं फक्त माझी. मी पुरावा म्हणून वाटीही घरी आणली, इथेच चुकलो.

मनोरमेने वाटी पाहिली आणि बेसन भाजायला घेतलं. "दुसऱ्याची वाटी रिकामी परत करायची नसते."

"अगं, तीस वर्षं त्या घरात कुणी नाही!"

"मग तीस वर्षांत कुणी काही दिलं नसेल त्यांना."

उर्वी म्हणाली, "बाबा, दे आर जस्ट बीइंग नाइस."

दादा, मी विवेकवादी आहे. एखादा पहारेकरी असेल, एखादी दयाळू म्हातारी असेल. वाटी लाडवांनी भरून ठेवून आलो, ती केवळ सभ्यता म्हणून.

आपला,
देवदत्त

ता. क. काल लाडू त्याच वाटीतून आमच्या दाराशी परत आले. एकालाच दात लागले होते. मनोरमा जेवली नाही. वहिनींना विचारून बेसन किती भाजायचं ते तारेने कळवा.

ता. क. २ व्याख्यानाचा विषय बदलला आहे: 'शेजारधर्म'. चार मुद्दे पाठवा.