पाठीला पाठ लावून

धाकटीच्या बाबांना धाकटीच्या आईचा नमस्कार.

मी खुशाल आहे. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर मिळतं. तुमचा खोकला कसा आहे? खरं काय ते कळवा.

आपली बोली समजावून सांगायला मला बोलावलं त्या मदत केंद्रात आपल्या पाड्यांकडची एक पोरगी आली आहे. तिच्यावर हात टाकणारा मोकळा फिरतोय. तीन दिवस केंद्रातल्या ताई तिला टेबलासमोर बसवून विचारत होत्या आणि ती मान खाली घालून गप्प. "जबाब झाला नाही तर तो सुटेल हो, मावशी," ताई मला म्हणाल्या.

मी म्हटलं, "आमच्यात असलं दुःख समोरासमोर सांगत नाहीत. पाठीला पाठ लावून सांगतात. खुर्च्या काढा आधी."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः चटई अंथरली. पोरगी माझ्या पाठीला टेकली. मग आपल्या बोलीत सगळं बोलली. मी मराठीत सांगत गेले, तसं ताईंनी दाराशी बसून लिहून घेतलं.

उठताना पोरगी म्हणाली, "मावशे, कोर्टात येशील ना?" मी हो म्हणून बसले, तुम्हाला न विचारता. म्हणजे या महिन्यात येणं नाही. रागवा हवं तर, पण कोंबड्यांना वेळेवर दाणे टाका.

आपला थोरला लेक गेला तेव्हा आपण दोघं असेच बसलो होतो. रोज दिवेलागणीला तुम्ही ओट्यावरच्या खांबाला टेकून बसत जा. मी इथे त्याच वेळी भिंतीला टेकते.

तुम्हाला वाट पाहायला लावणारी,
धाकटीची आई