टाकीचे ढेकर

३ मार्च, सोमवार
ती हसली! माझ्यावर नाही, टाकीवर. पण हसली.

दातांच्या दवाखान्यातली माशांची टाकी मीच बसवलेली. वरचं जास्तीचं पाणी पाइपातून खालच्या टाकीत उतरतं, पंप ते परत वर चढवतो. उतरताना हवाही घुसते, आणि मग गुडगुड — फुर्रर्र! "तुमच्या टाकीला ढेकर येतात," काउंटरमागून ती म्हणाली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "पेशंट आधीच घाबरलेले असतात. शनिवारपर्यंत हिला गप्प करा, नाहीतर उचलून न्या."

उचलून न्या! मग मी तिथे जायचं कोणत्या तोंडाने? दात तर सगळे धडधाकट.

४ मार्च
पाइपाला व्हॉल्व्ह लावला. जरासा आवळला की पाइप पाण्याने गच्च भरतो, हवेला जागाच उरत नाही. आवाज बंद! माझ्यासारखा हुशार मीच.

५ मार्च
माझ्यासारखा गाढव मीच. टाकीतल्या गोगलगायीने पाइपाच्या तोंडात बसकण मारली, पाणी सगळं फरशीवर. मी पोचलो तेव्हा ती चपला काढून मॉप मारत होती. एवढा संताप आला की पाइप उपटून फेकणार होतो.

मामाच्या दुकानात येऊन पाना आपटला. मामा शांत. "कॉलेजही असंच सोडलंस, सरांवर चिडून. आता पाण्यावर चिड! अरे, एकच वाट ठेवलीस, तीही चिंचोळी. तुंबलं की बिचाऱ्याने जायचं कुठे?"

रागाने जेवलो नाही. मग जेवलो.

६ मार्च
तीन पाइप! पहिला गच्च भरून वाहणारा, मुका — व्हॉल्व्ह त्यालाच. दुसरा जरा वर — पहिल्याला न झेपलेली बारीक धार त्याच्या कडेने गुपचूप उतरेल. तिसरा सगळ्यात उंच, कोरडा ठणठणीत. त्याने फक्त वाट बघायची. माझाच सख्खा भाऊ! तोंडांना जाळ्या. या आता, गोगलगायबाई!

७ मार्च, शुक्रवार
बसवलं. तिच्यासमोर पहिल्यात फडकं कोंबलं. पाणी चढलं, दुसरा पाइप गरजला — फरशी कोरडी. दुसऱ्यातही कोंबलं. तिसरा धो धो — फरशी कोरडी! तिने टाळ्या वाजवल्या!!

मग तिला व्हॉल्व्ह शिकवला. सैल सोडला की हवा ओढतो, ढेकर सुरू. नेमकी जागा सापडली, पण खूण करायला काहीच नाही. तिने पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि वाकून स्वतःच व्हॉल्व्हच्या दांडीवरून पाइपापर्यंत लाल रेघ ओढली. "आता कोणी हात लावायचा नाही हं," मी ऐटीत. "छे, कोण लावतंय!"

डॉक्टर बाहेर आले. "बंद केलीत का टाकी?" चालू होती! एवढं मोठं सर्टिफिकेट कॉलेजने जन्मात दिलं नसतं.

१२ मार्च
टाकी गप्प. फोनही गप्प. इतकं चोख काम कशाला केलं मी?

१३ मार्च
मामा म्हणतो, "पाणी तिकडे उतरतंय, तोंड इकडे का उतरलंय?"

१४ मार्च
तिचा फोन! "टाकी परत ढेकर देतेय. लवकर या." धावत गेलो. गोगलगाय नाही, कचरा नाही, फरशी कोरडी. वाकून व्हॉल्व्ह पाहिला — दांडीवरची लाल रेघ पाइपावरच्या रेघेपासून चांगली बोटभर सरकलेली.

वर पाहिलं. ती कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसून बसलेली, कान रेघेहून लाल.

"वेळ लागेल का हो दुरुस्तीला?"

"खूप," मी म्हणालो.