लीनाला तिची आत्या घेऊन गेली

हेल्गाबाई,

तुम्ही मलकापूरहून औषधाच्या पेट्या घेऊन याल तवा पाळणा रिकामा दिसेल. घाबरू नका, बाळी चांगली आहे. तिचा बाप हिंमतराव अन् आत्या रुखमाबाई संग्रामपूरहून तिले न्यायले आले होते.

मी म्हटलं, "बाईले येऊ द्या. हिची माय आपल्या मिशनच्या दवाखान्यात वारली तवापासून बाईनंच हिले सांभाळलं." हिंमतरावांनी बाळीले उचलून बहिणीजवळ दिलं. मंग रुखमाबाई म्हणाल्या, "माहं लेकरू मागच्या हप्त्यात गेलं. दूध अजून येते." त्यांनी बाळीले पदराखाली घेतलं. बाटली पाहून तोंड फिरवणारी आपली पोर पोटभर प्याली अन् तिथंच झोपली. मंग माह्यानं नाही म्हणणं झालं नाही.

तिच्यापायी तुम्ही स्वीडनले जायची सुटी सोडली, हे मले माहीत आहे. तुमच्यासमोर नेली असती तर तुम्हाले पाहवलं नसतं, म्हणून मी त्यांना थांबवलं नाही. राग आला तर माह्यावर काढा.

जायच्या आधी मी प्रार्थना केली. तुम्ही विणलेली टोपी तिच्या डोक्यावरच आहे. रस्त्यात रडेल म्हणून मी सोबत चालली आहे, उद्या येईन. भाकरी झाकून ठेवली आहे, उपाशी झोपू नका.

रुखमाबाईंनी नाव विचारलं. मी तुम्ही ठेवलेलं तुमच्या आईचं नाव, लीना, सांगितलं. त्यांच्या तोंडून दोनदा लीलाच निघालं. बाळीनं डोळे उघडून त्यांच्याकडं पाह्यलं. मंग मी पण लीलाच म्हटलं.

रिबेका