गवताखालची तार

२ मे, शुक्रवार

परत पळाला कुत्रा! या वसंतातली ही तिसरी खेप. नाव डीकन, चेहरा चर्चमधल्या वडीलधाऱ्याचा, आणि गुण हे असे. जाळीचं दार नाकाने ढकलायला शिकलाय चोर, दुसरं काय!

गिरणीच्या पुलाशी पोहोचलो तर शाळेची बस थांबलेली आणि हा रस्त्याच्या मधोमध. बसवाली बाई खिडकीतून ओरडत होती, "मिस्टर थोर्सन, हटतच नाही हो हा! आडवा उभा राहून वर माझ्यावरच भुंकतोय!" वर्ना माझ्या आधीच तिथे, कठड्याला धरून उभी. पायात घरातल्या सपाता. दर वेळी तीच आधी पोहोचते. मला जाग येईपर्यंत बायको कुत्रा शोधूनही बसलेली असते! एवढी माया माझ्या वाट्याला कधी आली?

संध्याकाळी डार्ला येऊन गेली. काउंटीत मोकाट कुत्री धरायचं काम तिच्याकडे. "मिस्टर थोर्सन, आता पुन्हा रस्त्यावर सापडला तर मी त्याला गाडीत घालून नेणार. परत मिळेलच असं नाही. मला हौस आहे का? नाही."

नऊ वर्षांचा झालाय डीकन. पिंजऱ्यात आठवडाभर टिकायचा नाही. आणि तो गेला तर वर्ना जेवायला तरी बसेल का?

४ मे, रविवार

कुंपण घालू म्हटलं, तर वस्तीच्या मंडळाचा नियम आडवा आला. रस्त्यावरून दिसेल असं कुंपण चालणार नाही! मंडळाचा अध्यक्ष कोण? शेजारचा हार्लन.

"गवत सलग दिसायला हवं, ऑरिन. नियम तो नियम."

"आणि तुझ्या दारातला तो सिमेंटचा हंस?"

"हंस म्हणजे काही कुंपण नाही."

मग जरा विरघळला. म्हणाला, "अरे, जमिनीखालची तार घाल. दिसत नाही, काही नाही. कुत्रा तारेजवळ गेला की गळपट्टा टीं टीं करतो, तरी पुढे गेला की झटका. माझ्या पुतण्याने घातलीय."

"मग राहिला का कुत्रा घरात?"

"कुत्रा राहिला. बायको गेली."

आणि स्वतःच खो खो हसत सुटला.

६ मे, मंगळवार

तार आणली, तिला भिंतीवरून वीज पुरवणारी पेटी आणली. पण खणायचं नाही! आधी फोन करायचा, मग माणूस येऊन जमिनीखालचं काय काय ते रंगाने दाखवणार, मग आपण खणायचं. आज आला. पिवळी रेघ गॅसची, लाल विजेची, निळी पाण्याची. पहिलीतल्या पोराने चितारल्यासारखं अंगण झालंय. इतकी वर्षं मला वाटत होतं, आपल्या घराखाली नुसती माती आहे.

वडिलांच्या मळ्यावर कुत्रा गाडीखाली निजायचा. गाईंची घंटा वाजली की आपणहून यायचा. त्याला कुणी तार घातली नव्हती.

९ मे, शुक्रवार

गवतात चीर पाडायची, तार चेपायची, गवत परत मिटवायचं. सोपं लिहिलंय कागदावर! गुडघे बोलायला लागले.

काम करता करता शाळेतल्या अमुंडसन बाईंनी शेगडीपाशी उभं करून पाठ करून घेतलेली नांगरणीची कविता म्हणत होतो. सगळी येते, फक्त तिसऱ्या कडव्यातली दुसरी ओळ निसटते. तशी ती शाळेपासूनच निसटते. वर्ना माझ्या दोन बाकं पुढे बसायची, मान न वळवता ओळ पुरवायची. लग्नानंतरही पुरवत आली. आज खिडकीतल्या वर्नाकडे बघून थांबलो. ती गोड हसली. "तूच म्हण. तुझा आवाज छान आहे."

लबाड! मला घाम फोडायचा होता तिला.

१० मे, शनिवार

गॅरेजच्या भिंतीवरची पेटी किंचाळतेय. तार कुठेतरी तुटलीय म्हणे. कुठे? सगळी तर गवताखाली! हाताहाताने उकरत गेलो. लायलॅकच्या झुडपाशी सापडली. तोडणारा मीच, माझ्याच फावड्याने.

१२ मे, सोमवार

पेटी गप्प झाली, हिरवा दिवा लागला. गळपट्टा हातात धरून तारेवरून तीनदा चाललो. तोही गप्प!

मग कागद नीट वाचला. चष्मा लावून. गॅरेजपासून अंगणापर्यंत जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ देऊन न्यायची, म्हणजे तेवढ्या भागात दोघींचा जोर एकमेकींत मरतो. बाकी सगळीकडे त्या लांब लांब ठेवायच्या. मी नेमकं उलटं केलं! अंगणभर दोघी एकाच चिरेत, शेजारी शेजारी. सगळं काढा. पुन्हा घाला.

हार्लन गवतकापणीच्या यंत्रावर बसून गेला. "बटाटे लावतोयस का, ऑरिन?"

मी काही फेकलं नाही. फेकायला जवळ काही नव्हतं.

१५ मे, गुरुवार

पाठ. नुसती पाठ.

१७ मे, शनिवार

गळपट्टा बोलला! तार चालू!!

आता तारेच्या कडेने पांढरे झेंडे रोवलेत. रेषा कुठे आहे ते कुत्र्याने आधी डोळ्यांनी शिकायचं असतं. अंगणभर फडफडतायत. वर्ना पायरीवर आली, बघत राहिली. "कुणाचं लग्न आहे?"

हसता हसता खालीच बसलो. या वयातही जीभ कशी चालते बघा!

२० मे, मंगळवार

आज पहिला झटका. खार दिसली, टीं टीं झालं, ऐकलं नाही, गेला. काय ओरडला! वर्नाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यालाच म्हणाली, "त्या माणसाला सांग, हे बरं नाही."

रागावली की माझं नाव घेत नाही. दिवसभर घेतलं नाही. दुपारी तिच्या आवडीचं वाटाण्याचं सूप केलं, तर "थँक यू हं" म्हणाली, पाहुण्याला म्हणावं तसं. बाप रे, केवढा हा राग!

पण मी तरी काय करू? झटका नको तर पिंजरा. यातलं कुठलं बरं ते तिनेच सांगावं.

२६ मे, सोमवार

दोरी धरून रोज सकाळ-संध्याकाळ झेंड्यांपर्यंत न्यायचं. टीं टीं झालं की मागे ओढायचं, खाऊ द्यायचा. आज दोरी ओढावी लागली नाही. आपणहून वळला, मान खाली घालून. जिंकलो म्हणायचं, पण मला ते बघवलं नाही. वाऱ्यात कान टाकून धावणारा कुत्रा होता हा.

३० मे, शुक्रवार

डार्ला पारख करायला आली. झेंड्यांपलीकडे रस्त्याच्या बाजूला सॉसेजचा तुकडा टाकला. डीकन रेषेपर्यंत गेला, बसला, लाळ गाळत राहिला. पुढे पाऊल नाही!

"मिस्टर थोर्सन, मानलं तुम्हाला. आता माझं तोंड दिसायचं नाही."

"कॉफीला ये की."

"कुत्रा नसलेल्या घरात मी कॉफी पीत नाही. म्हणून ठेवला तुमचा." गाडीचं दार बंद करताना म्हणाली. बाई तशी मऊ आहे.

वर्नाला सांगायला गेलो, वाचला आपला डीकन! ती कोट घालत होती. म्हटलं, कुठे? म्हणाली, घरी. कंटाळलीय बिचारी, या पंधरवड्यात मी तिला कुठे म्हणून नेलं नाही. रविवारी तळ्यावर नेईन.

१ जून, रविवार

डार्लाचा फोन आला. वर्ना गिरणीच्या पुलावर सापडली. एकटीच, अनवाणी. या खेपेला तिच्यासाठी बसपुढे आडवं उभं राहायला कुणी नव्हतं. "मिस्टर थोर्सन, त्या म्हणतात, कुत्र्याला शोधतेय."

डीकन इथेच होता. झेंड्यांच्या आत, रस्त्याकडे तोंड करून, घसा बसेपर्यंत भुंकत. आणि मी खिडकीतून त्याला सांगत होतो — शाबास, तिथेच थांब!