वेड्याचा पेशा

रविवार, दुपार

ताई,

फोन मी आपटला नाही, ठेवला. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर तू वर्षभर सगळ्यांना तेच सांगत सुटशील. नमस्कार त्यातच आला असं समज. मी बरा आहे, खोकला गेला. तुझ्या गुडघ्याचं तू सांगत नाहीस आणि मी विचारत नाही, म्हणजे दोघं सारखेच.

तू म्हणालीस, "तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं?" काही जात नाही, खरं आहे. म्हणूनच मी बोलून गेलो की टाक दादाला त्या मनोरुग्णांच्या संस्थेत, जागा रिकामी आहे तोवर टाक. तू म्हणालीस, "टाक म्हणजे? तो काय गाठोडं आहे?" मग मी फोन ठेवला. त्याला आठवडा झाला. आता जे लिहितोय ते फोनवर जमलं नसतं. दादा तुझ्या हातातून फोन घेतो आणि नुसता श्वास घेत ऐकत राहतो, मग माझी जीभच वळत नाही. हे तू एकटीने वाच. त्याला वाचून दाखवू नकोस.

काम तेच आहे. कारखान्यात कपाटांच्या दारांना बिजागऱ्या बसवतो. कुलपं पलीकडच्या टेबलावर बसवतात. तिकडे माणूस कमी होता, मुकादमाने मला विचारलं होतं, मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते त्याने विचारलं नाही, बरं झालं.

आता खेळाचं. तुला वाटेल हा काय पोरखेळ लिहीत बसलाय, पण मला जे सांगायचंय ते त्यातच अडकलंय.

आमच्या खोलीत चौघं. क्रेनवाला, रंगारी, कॅन्टीनचा आचारी आणि मी. इथे पत्ते खेळायला बंदी, म्हणून सुट्टीला क्रेनवाल्याने हा खेळ काढला. पट नाही, सोंगट्या नाहीत. बोलूनच खेळायचं. तो गोष्ट सांगतो, तुम्ही जंगलात आहात, पुढे नदी, पूल तुटलाय, बोला काय करता. ज्याने त्याने आपल्या नायकाच्या तोंडून बोलायचं. जमलं की नाही ते फाशांवर. नायक मात्र आपला आपण बनवायचा. रंगाऱ्याने राजपुत्र बनवला. आचाऱ्याने तलवार चालवणारी बाई बनवली, आणि तिचं वजन स्वतःच्या निम्मं ठेवलं. मी नवा होतो, माझ्याशी कुणी धड बोलायचं नाही. मी म्हटलं, माझा नायक वेडा.

क्रेनवाला म्हणाला, "चालेल. पेशा काय?"

"वेडा. बस."

"अरे बाबा, वेड हा काय पेशा झाला? लढवय्या घे, जादूगार घे, वैद्य घे, चोर घे. वेड त्याच्या वरून."

मग तिघांचं सुरू झालं. रंगारी म्हणाला, लढवय्या कर, आपला-परका न बघता कापत सुटेल. आचारी म्हणाला, जादूगारच हवा, मंत्र चुकला की राजपुत्राला शेपूट फुटेल. रंगाऱ्याला ते लागलं. क्रेनवाल्याने दोघांना गप्प केलं. "तुम्ही वेड बघून पेशा ठरवताय," म्हणाला, "उलटं करा. डोकं फिरायच्या आधी हा माणूस पोटापाण्याला काय करायचा? डोकं गेलं तरी हात राहतात."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुलपं उघडायचा."

"मग चोर," तो म्हणाला. त्या खेळात कुलपं उघडणारा तेवढाच पेशा आहे. मी म्हटलं, असू दे. ताई, गल्लीतल्या अर्ध्या घरांची कुलपं ज्याने उघडून दिली आणि कुणाच्या घरातली टाचणी उचलली नाही, त्याच्यापुढे मी नायकाच्या चिठ्ठीवर माझ्या हाताने चोर लिहिलं.

कळलं ना मी कुणाला नाचवत होतो ते.

नळ सोडायच्या आधी त्याला दोन बोटं टेकवणं. टॉवेलची घडी घालून मोडून परत घालणं. आणि दाराशी वाकून, कान लावून, त्या बारीक आवाजात "येऊ का?" सगळं करून दाखवलं मी. आचारी हसून हसून कॉटवरून खाली आला. त्या दिवसापासून माझं नाव "येऊ का". आता मुकादमही हजेरीला तेच पुकारतो आणि मी हात वर करतो. कुणी नवा आला की माझ्याकडून करून घेतात. आवाज तर माझा हुबेहूब लागतो. शेवटी सख्खा भाऊ.

चार महिने हे चाललंय. तुझा फोन आला त्या दिवशीही सकाळी केलं होतं.

आज राजाच्या शिपायांनी माझ्या वेड्याला पकडून कोठडीत टाकलं. मी लगेच दाराशी वाकलो, कान लावला, "येऊ का? येऊ का?" सुरू केलं. रंगारी डोळे पुसत होता. क्रेनवाला मात्र हसला नाही. म्हणाला, "पुरे झाली नक्कल. साधं कुलूप आहे, आतूनही किल्लीचं भोक आहे, तुझ्या बुटात तार आहे. तू चोर आहेस. उघड आणि नीघ."

मी म्हटलं, "तो नाही उघडणार."

"का?"

"वेडा आहे म्हणून."

"हे काही उत्तर नाही. वेड्यालाही कारण असतं. आपल्याला ते पटत नाही, एवढंच. का उघडत नाही तो?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी फासे ठेवले आणि इथे कॅन्टीनमध्ये येऊन बसलोय. पुसलेल्या टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवल्यात, मी एक सरळ करून घेतली.

तू मागे लिहिलं होतंस, कामाला जाताना दादाला कोंडून जावं लागतं म्हणून त्याच्या खोलीला नवं कुलूप बसवलं, दारात घट्ट बसणारं, दोन्ही बाजूंनी किल्लीने चालणारं. आणि सुतार ते तिरकं बसवत होता, तर दादाने त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतःच सरळ बसवून दिलं. तू गंमत म्हणून लिहिलंस. मीही हसलो. ताई, ते कुलूप तुझ्या केसातल्या पिनेने उघडतं. मी उघडीन, आणि मी त्याचा सगळ्यात नालायक चेला. पिनांचा डबा त्याच खोलीच्या खिडकीत असतो. तू त्याची हत्यारं माळ्यावर टाकलीस म्हणून तो आत बसलेला नाही.

दुकान होतं तेव्हा मी त्याच्याबरोबर जायचो, तुला आठवत असेल. किल्ली हरवलेला माणूस दाराबाहेर उभा असायचा, घर रिकामं. तरी दादा वाकून कान लावून आधी विचारायचा, येऊ का? मी एकदा म्हटलं, आत कोण बसलंय? तर म्हणाला, "कुणी नसलं तरी विचारायचं. कुलूप दुसऱ्याचं असतं. ज्याचं आहे तो ये म्हणाला की मगच हात लावायचा." बाहेरचा मालक वैतागून म्हणायचा, ये बाबा, ये एकदाचा. मग हा तार काढायचा. तेव्हा तो अगदी चांगला होता. ते त्याचं वेड नाही, ती त्याची कामाची रीत आहे.

तू म्हणतेस दिवसभर दाराशी बसून तेच बडबडतो, शेजारच्या काकूंचं डोकं उठतं. तो बडबडत नाही गं. विचारतोय. कुलूप तुझं आहे, तू कामावर असतेस, आणि ये म्हणायला कुणी नाही.

एवढं माझ्या ध्यानात यायला हवं होतं. तो आवाज रोज माझ्याच गळ्यातून निघत होता.

मी तुला हुकूम करत नाही. तुझ्या वाटणीचा एकही दिवस मी काढलेला नाही. संस्थेचा संमतीचा कागद माझ्या गादीखाली आहे. तू म्हणशील तर सही करून पाठवतो, पुन्हा एक शब्द बोलणार नाही. पण त्याआधी एक कर. सुट्टीच्या दिवशी कुलूप लाव आणि दाराबाहेर उभी राहा. तो विचारील, तेव्हा ये म्हण. उघडून तो कुठे जातो ते बघ. मला वाटतं कुठेच जाणार नाही. पँटला हात पुसून तुझ्यासमोर उभा राहील, मजुरी घ्यायला राहायचा तसा. तसं झालं तर मग आपण संस्थेचं परत बोलू, आणि मी फोन ठेवणार नाही.

खोलीवर अजून कुणाला सांगितलेलं नाही. मघाशी रंगारी दारातून डोकावून म्हणाला, "काय रे येऊ का, रुसलास होय?" आणि मी हसलो. हे पत्र हाताखाली होतं आणि मी हसलो. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. आता उठून वर जाणार आहे, आणि माझा तो वेडा खरा कोण आहे ते त्यांना सांगणार आहे. सांगितलं की नाही ते तू फोनवर विचार. मी खोटं बोललो तर तुला कळतं.

दादाला माझा नमस्कार सांग. माझं नाव घेऊन सांग, धाकटा म्हणून नको.

तुझा,
फोन ठेवणारा

पैसे उद्या निघतील. अकरा हजार, घरासाठी. संस्थेत भरायचे की घरी ठेवायचे, ते तू ठरव. आणि वर वेगळे, दादाच्या हातात द्यायचे, एका कुलपाचे तो घ्यायचा तेवढे, चाळीस.