मी बाहेरच आहे

ताई,

सुटी मिळत नाही म्हणून इतकी वर्षं तुझ्याकडे आलो नाही, ही थाप होती. मला विमानाच्या बंद दाराची धास्ती वाटायची. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

लिफ्टमध्ये कुणी अडकलं की मी दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणतो, “घाबरू नका, मी बाहेरच आहे. बोलत राहा.” माणूस बोलत राहिला की त्याचा श्वास ताळ्यावर येतो.

आज विमानाचं दार लागलं आणि माझे तळहात घामाने भिजले. सवयीने तोंडातून निघून गेलं, “घाबरू नका, मी बाहेरच आहे.”

शेजारच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, “बाहेर कुठे? आतच आहात की.” मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, “बरं, बोलत राहा.”

मी तुझ्याबद्दलच बोलत राहिलो. आता त्या झोपल्यात, म्हणून उरलेलं तुला लिहितोय.

हा कागद काही तुला देणार नाही. प्रवास कसा झाला विचारलंस, तर मस्त डोळा लागला होता म्हणेन. फक्त भेटल्या भेटल्या माझा हात धरू नकोस. अजून ओला आहे.

तुझा, सध्या आतच असलेला,
धाकटा