ठकीला कळायला लागलं

९ डिसें. ७१, कोल्हार
नगरच्या गॅरेजात टिकलो नाही. पुन्हा अक्काकडं, ऊसतोडीच्या तळावर. इथं पाहुण्यालाही मोळ्या वाहाव्या लागतात. खांदे सोलले. अंघोळीला नदीवर निघालो, तर पुलाशी माकडवाला भेटला. दुपार तिथंच गेली. अंघोळ राहिली.
अक्काची ठकी सहा वर्षांची. एकच भाकरी म्हणून रडते. अक्का तीच मोडून चार तुकडे करते, "घे, चार झाल्या." पोरगी खूश. पहिल्यांदा हसलो. आता हसवत नाही.

१३ डिसें.
पहाटे गाडीत ठकी म्हणे, चांदोबा आपल्यामागं येतो. "थांबलो की त्यो बी थांबतो. बैल दमल्यालं कळतंय त्याला."
दाजी : "मग त्यालाच जुंपू."

२० डिसें.
अक्काला अंगावरचं तान्हं बांधावर नेणं जड जातंय. म्हणते, तळावर पाचटाच्या कोपीतच ठेवू, ठकी राखील.
दाजी : "तिला कुठं अक्कल हाय? परवा बाळ रडलं तर झोळीला बडवीत हुती. म्हनं, हिनंच टोचलं."
मी बोलून गेलो, ठकीला पाथर्डीला आईकडं नेतो, शाळेत घालतो.
अक्का : "तू? तुझं बूड टेकतंय का एका जागी?"

२ जाने. ७२
अंग मोडून आलंय. तरी लिहितो.
आज ठकीनं तुकडे खाल्ले नाहीत. मातीवर फडकं अंथरून गोल जुळवत बसली. मग म्हणाली, "आये, ही एकच हाय. रोज एकच देतीस."
मी ओरडलोच, शाबास! अक्कानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "कळाय लागलं की हिला. उद्यापासून तान्हं हिच्याकडं."
दाजी झोळीची दोरी ताणून बघायला लागले.

५ जाने.
उसाच्या फडात असताना सारखं कोपीकडं लक्ष. आलो तर ठकी झोळीची दोरी पायाला बांधून बसलेली. बसल्या जागी पेंगत होती, पाय तेवढा हलत होता. अक्काला म्हटलं, दोन-तीन दिवसांत नेतोच हिला.
"ने की. पन आईला धड दिसत न्हाई. तू तिथं ऱ्हाशील का, हिला टाकून जाशील, ते सांग आधी."
सांगतो म्हणालो. मग मनमाडचं एक काम आठवलं, त्याचाच विचार करत बसलो.

७ जाने.
अक्कानं ठकीचे कपडे बांधून ठेवलेत. उद्या सकाळची एस.टी.
मघाशी ठकी जवळ आली. "मामा, मी गेले की बाळ आयेसंगं फडात जाईल. व्हय ना?"
"हो."
"आन् तू गेलास की मी कोनासंगं?"
मी कुठं जातोय, असं म्हणायचं होतं.
ती अजून समोरच बसलीय. मी लिहीत असल्यासारखं करतोय